गणपतीत फ्रिजमध्ये, तुळशीच्या लग्नाला मातीत

काकू, नमस्कार.

मी चिंचवडला राहते. चौथा मजला, पूर्वेची बाल्कनी, सकाळचं ऊन अकरापर्यंत. बागकामाचा अनुभव म्हणजे तुळस आणि एक मनी प्लँट. जूनमध्ये मी ऑनलाइन ‘रेनबो रोज, 100 बिया’ असं पाकीट 199 रुपयांना मागवलं. चित्रात एकाच फुलात सात रंग होते. महिनाभर पाणी घातल्यावर कुठे काहीतरी उगवलं. आता ते गुडघ्याएवढं झालंय, पानं मोठी, खोड लालसर, काटा एकही नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “अगं, हा तर राजगिरा!” तेव्हापासून घरात मला ‘राजगिरा क्वीन’ म्हणतात.

पण खरा प्रश्न दुसराच आहे. गेल्या वर्षी नर्सरीतून आणलेला एक गुलाबी बटणगुलाब माझ्याकडे आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास त्याला आलेलं एक फूल खुडायचं राहून गेलं. त्या जागी हिरवी गोळी धरली आणि आता ती छोट्या बोराएवढी, नारिंगी झाली आहे. हे फळ आहे का? त्यात बी असतं का? ते लावलं तर असाच गुलाब येईल? नवरा म्हणतो, गुलाबाच्या बिया आधी दोन महिने फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. सासूबाईंनी बजावलंय, “फ्रिजात माती चालायची नाही.” काय करू?

— गुलाबवेडी, चिंचवड

गुलाबवेडे,

पत्र वाचून आधी मनसोक्त हसले. मग आठवलं, की मला हसायचा काही हक्क नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी फुलांच्या एका प्रदर्शनात मी ‘निळ्या गुलाबाचं’ रोप चांगले दुप्पट पैसे मोजून घेतलं होतं. फूल आलं ते धुऊन धुऊन विटलेल्या जांभळ्या परकरासारखं. आमच्या ह्यांनी तो विषय अजून सोडलेला नाही. तेव्हा तू आपली पदवी खुशाल मिरव.

पाकिटाचा निकाल आधी लावून टाकू. फसलीस. सात रंगांचा गुलाब कुठल्याच बीतून येत नाही, कारण तो झाडावर येतच नाही. शाळेत तेरड्याचं रोप लाल शाईच्या पाण्यात ठेवून खोड लाल झालेलं पाहिलं असशील. तीच युक्ती. पांढऱ्या गुलाबाचा दांडा खालून उभा चिरायचा आणि एकेक फाक वेगळ्या रंगाच्या पाण्यात सोडायची. पाणी वर चढेल तसा पाकळ्यांना रंग चढतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, आणि ह्याचा फुलदाणीत टिकेल तितके दिवस.

निळ्याचंही तेच. निळं रंगद्रव्य बनवण्याची सोयच गुलाबात नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्झीच्या फुलातलं जनुक गुलाबात घालून 2004 मध्ये ‘निळा’ गुलाब जाहीर केला आणि 2009 पासून तो जपानात विकायला काढला. एवढा सगळा खटाटोप करून रंग आला तो माझ्या परकराच्याच जवळपासचा. तो काही 199 रुपयांच्या पाकिटात बसून चिंचवडला यायचा नाही. पैसे परत मागून बघ, मिळाले तर मिळाले. आणि मावशी म्हणाल्या म्हणून त्या राजगिऱ्याची भाजी मात्र करू नकोस. एक तर तो राजगिराच आहे हे मी चिंचवडला येऊन पाहिलेलं नाही, आणि ते बी कशात घोळलेलं होतं ते आपल्याला ठाऊक नाही.

आता तुझ्या नारिंगी गोळीकडे येते.

ते फळच आहे. गुलाब आणि सफरचंद एकाच कुळातले. फळाच्या टोकाला वाळलेल्या हिरव्या निदलांचा, म्हणजे कळी झाकणाऱ्या हिरव्या पाकळ्यांचा, झुपका दिसतोय ना? सफरचंदाच्या बुडाशी जी काळपट वाळकी खळी असते ती हीच. पुष्कळांनी आयुष्यभर गुलाब लावलेले असतात आणि हे फळ कधी पाहिलेलं नसतं, कारण सुकलेलं फूल आपण लगेच खुडतो. खुडावंच, नाहीतर झाड सगळी ताकद फळ पोसण्यात घालवतं आणि नव्या कळ्यांना हात आखडता घेतं. शिवाय गच्च पाकळ्यांच्या अनेक जातींना फळ धरतच नाही, कारण त्यांचे पुंकेसरच पाकळ्या होऊन बसलेले असतात. बटणगुलाब त्या मानाने उदार. तुझ्या आळसाला फळ आलं म्हण.

असाच गुलाब येईल का, तर नाही. हापूसची कोय लावल्यावर काय येतं, ते कोकणातल्या कुणालाही विचार. आंबा येतो, पण हापूस येत नाही, रायवळ येतो. कधी गोड, कधी आंबट, कधी नुसत्या दोरांचा. म्हणून हापूसचं कलम बांधतात. गुलाबाचं अगदी तेच. नर्सरीत नावानिशी मिळणारा गुलाब बीपासून केलेला नसतो. रानटी किंवा गावठी गुलाबाच्या खुंटावर त्याचा डोळा, म्हणजे फांदीवरची कोंब फुटायची जागा, भरलेला असतो, नाहीतर फांदी लावून तो केलेला असतो. जगभरातले सगळे ‘ग्लॅडिएटर’ गुलाब हे एकाच झाडाचे तुकडे आहेत, डोळ्याडोळ्याने पुढे गेलेले. म्हणून नाव असलेल्या गुलाबाची ‘बी’ कुणी विकत असेल, तर पाकीट न उघडताच समजायचं.

बीमध्ये पत्ते नव्याने पिसले जातात. तुझ्या बटणगुलाबाच्या मागे चीनच्या बुटक्या गुलाबापासून युरोपातल्या कुणाकुणापर्यंत पिढ्यान्‌पिढ्यांची सरमिसळ आहे. एका फळात आठ बिया निघाल्या तर आठही एकमेकींपासून वेगळ्या. एखादी आईवर गेलेली, एखादी कुठल्या तरी खापरपणजीवर. आईपेक्षा देखण्या थोड्या, आणि मरतुकड्या भरपूर. हे आधीच सांगते, म्हणजे फेब्रुवारीत मला शिव्या घालणारं पत्र यायला नको.

ह्याच रंगाचा आणखी एक गुलाब हवा असेल तर बीच्या वाटेला जाऊच नकोस, फांदी लाव. बटणगुलाबाची फांदी फार सहज लागते. नुकतंच फूल येऊन गेलेली, पेन्सिलीहून थोडी बारीक फांदी घ्यायची, चार-पाच डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरची दोन पानं ठेवायची, बाकीची काढायची. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या कुंडीत अर्धी खोचायची आणि सावलीत ठेवायची. सध्याची हवा त्याला उत्तम. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. पण तुला ‘गुलाब हवा’ आहे असं मला वाटत नाही. तुला त्या गोळीत काय आहे ते बघायचंय. मग बघच.

फळ लगेच तोडू नकोस. फूल फुलल्यापासून साडेतीन-चार महिने भरू द्यावेत. अक्षय्य तृतीयेपासून मोज, गणपती येईतो होतात बरोबर. हिरवा ठिपका कुठे राहिला नाही, सगळीकडून नारिंगी झालं की तोड. सुरकुतून काळं पडायची वाट बघू नकोस आणि हिरवं असताना घाईही नको. हिरव्या फळातल्या बिया पोचट निघतात. तोडलंस की चिठ्ठी लिही: कुठल्या झाडाचं, फूल कधीचं, तोडलं कधी. मला लक्षात राहील, असं म्हणू नकोस. मलाही असंच वाटायचं.

फोडायचं ते जपून. लिंबू चिरतो तशी सुरी आरपार नेऊ नकोस, आतल्या बिया कापल्या जातील. नुसत्या सालीला मधोमध गोल चीर दे आणि दोन्ही अर्धुकं हाताने पिळवटून सोडव. आत गर असा नसतोच फारसा. पिवळसर पांढऱ्या, कोनाकोनांच्या बिया एकमेकींना चिकटून दाटीवाटीने बसलेल्या असतात, मूठभर खडे रुमालात बांधावेत तशा. त्यांच्या मधून बारीक, राठ केस. हे केस खाजकुयलीइतके वाईट नाहीत, पण डोळ्याला हात लावू नकोस आणि लहान मूल जवळ असेल तर त्याच्या मानेला लागू देऊ नकोस. मी एकदा टीव्ही बघत बघत मांडीवर ताटली घेऊन बिया सोडवल्या आणि रात्रभर मनगट खाजवत बसले. बटणगुलाबाच्या फळात तीन-चार बिया निघतील किंवा दहा-बारा. एकच निघाली तरी नवल नाही.

बिया चहाच्या गाळणीत घे आणि नळाखाली बोटाने चोळून गर-केस सगळं धुऊन काढ. ह्यात कंटाळा नको. गर राहिला की बुरशी आलीच, आणि त्या गरातच बी उगवू न देणारी द्रव्यं असतात. मग मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साईडची छोटी बाटली आण. आपल्याकडे बहुधा 6 टक्क्यांचं मिळतं, लेबल बघून घे. त्यात तितकंच पाणी घालून बिया अर्धा तास बुडवून ठेव आणि पुन्हा धू. बारीक बुडबुडे येतात, बघायला मजा येते. पाण्यावर तरंगणाऱ्या बिया फेकून द्याव्यात असं बरेच जण सांगतील. मी फेकत नाही. माझ्याकडे तरंगणाऱ्याही उगवल्या आहेत, आणि आठ बियांच्या संसारात दोन फेकायला आपण कोण लागून गेलो!

आता फ्रिज. तुझा नवरा म्हणतो ते खरं आहे आणि सासूबाईंचं म्हणणंही रास्त आहे. सुदैवाने मातीची गरजच नाही.

फ्रिज का, ते आधी समजून घे, म्हणजे दोन महिने धीर धरवेल. गुलाबाच्या बहुतेक जाती मूळच्या थंड मुलखातल्या: हिमालय, चीन, मध्य आशिया, युरोप. तिथे फळ पिकतं ते हिवाळ्याच्या तोंडाशी. बी तेव्हाच उगवलं तर कोवळा कोंब पुढच्या बर्फात मरणार. म्हणून बी स्वतःला कुलूप घालून बसतं. टणक कवच असतं आणि आत ॲबसिसिक आम्ल नावाचं द्रव्य, जे उगवण थोपवून धरतं. ओल्या थंडीत आठ-दहा आठवडे काढले की हे कुलूप हळूहळू सुटतं आणि बी समजतं, हिवाळा संपला. चिंचवडच्या बीला हिवाळा कुठून आणायचा? फ्रिजातून. नुसती थंडी पुरत नाही, ओल हवी. कोरड्या बिया वर्षभर फ्रिजात ठेवल्यास तरी त्यांच्या लेखी हिवाळा आलाच नाही.

तेव्हा टिश्यू पेपर घे, ओला कर आणि घट्ट पिळून काढ. दाबला तर थेंब पडता कामा नये. त्यात बिया पसरून घडी घाल, घडी झिपच्या छोट्या पिशवीत घाल, पिशवीवर तारीख लिही आणि पिशवी झाकणाच्या स्टीलच्या डबीत ठेव. डबी मधल्या किंवा खालच्या फळीवर, जिथे चार-पाच अंश असतात. सासूबाईंना डबी उघडून दाखव: पांढरा स्वच्छ कागद आणि आत धुतलेल्या बिया. माती नाही, शेण नाही. त्यांनाच विचार, डबी कुठल्या कोपऱ्यात ठेवू. घरातल्या मोठ्या माणसाने जागा नेमून दिलेली वस्तू सहसा कुणी फेकत नाही. माझी दुसऱ्या वर्षीची अख्खी खेप ‘हा काय कुजका कागद’ म्हणून ह्यांनी दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिली होती. पहिल्या वर्षीची? ती मीच मारली. थंडीच हवी ना, मग चांगली कडक देऊ, म्हणून बर्फाच्या कप्प्यात ठेवली. भिजलेल्या बीच्या आतल्या पाण्याचा बर्फ झाला, खेळ खलास. पहिल्या दोन वर्षांत मी एक कोंब पाहिला नाही, तेव्हा तू अजून बरीच पुढे आहेस.

दर रविवारी डबी उघडून बघ. कागद कोरडा वाटला तर दोन थेंब पाणी. पांढरी लव दिसली तर घाबरू नकोस, बिया पुन्हा पेरॉक्साईडमध्ये धू, कागद बदल. शेवटी शेवटी एखाद्या बीला शिवणीवर चीर पडून पांढरं टोक बाहेर आलेलं दिसेल, तांदळाच्या कणीएवढं. ते दिसलं की त्या बीला फ्रिजातून काढायचं आणि त्याच दिवशी लावायचं. चिमट्याने किंवा ओल्या ब्रशने उचल, नखाने नको. ते टोक म्हणजे मूळ, मोडलं तर पुन्हा येत नाही.

तिथी बघ कशा जुळून आल्या आहेत. गणेश चतुर्थीला बिया आत ठेवल्यास तर कार्तिक द्वादशीला, तुळशीच्या लग्नाच्या आसपास, साडेनऊ आठवडे होतात. अगदी हवे तेवढे. शिवाय तोवर ऑक्टोबरचा उकाडा सरून रात्री गार झालेल्या असतात. हे फार महत्त्वाचं आहे. गुलाबाची बी वीस अंशांच्या आसपास खुशीत उगवते. उकाड्यात पेरलीस तर उगवत नाहीच, उलट पुन्हा रुसून झोपी जाते आणि तिला परत फ्रिज दाखवावा लागतो. लोकांचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. बी मिळाली मार्चमध्ये, पेरली मार्चमध्ये, आणि मे महिन्यात म्हणतात, बी खराब होती.

पेरायला दह्याचे रिकामे कप घे, बुडाला तीन-चार भोकं पाड. निम्मं धुतलेलं कोकोपीट आणि निम्मं परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे), नाहीतर धुतलेली जाड वाळू. खत अजिबात नको, कितीही हात शिवशिवले तरी. कोवळ्या मुळांना त्याची गरज नसते आणि बुरशीला मात्र ते आवडतं. बी बोटाच्या अर्ध्या पेराहून खोल जाऊ देऊ नकोस, सेंटिमीटरभर पुरे. एका कपात एक बी. पाणी वरून ओतू नकोस, कप थाळीतल्या पाण्यात दहा मिनिटं उभा कर, खालून हवं तेवढं शोषून घेतो. मग बाल्कनीत उजेडाच्या जागी, पण थेट उन्हात नको. आणि वर जाळी टाक. तुमच्या चिंचवडची कबुतरं माझ्या कोथरूडच्या कबुतरांची भावंडंच असणार. कोकोपीटचा कप दिसला की त्यांना तो आपल्यासाठीच मांडून ठेवलाय असं वाटतं.

मग वाट बघायची. पहिला कोंब दोन-तीन आठवड्यांत येईल, शेवटचा जानेवारीत, आणि एखादी बी पुढच्या वर्षी उगवेल. आठांपैकी दोन उगवल्या तरी पास झालीस. माझ्या वहीतली एक चांगल्या वर्षाची नोंद सांगते: बिया 64, उगवल्या 17, महिन्याअखेर जिवंत 11, पावसाळ्यानंतर 6, ठेवण्याजोगे 2.

उगवतात तेव्हा गुलाबासारखं काही दिसत नाही. दोन गोल गुळगुळीत दलं, मेथीच्या रोपासारखी. राजगिऱ्याचा धसका घेतलेली तू म्हणशील, पुन्हा फसले. थांब आठवडाभर. त्या दोन दलांच्या मधून जे पान वर येतं त्याच्या कडेला करवतीचे दाते असतात, आणि तेव्हा ओळख पटते. पहिल्या पानाला बहुधा तीन पर्णिका, पुढच्यांना पाच. काटे नंतर, आधी नुसती लव.

हा महिना धोक्याचा. काल ताठ उभं असलेलं रोप आज मातीलगत बारीक होऊन आडवं पडतं. ह्याला शेतकरी रोप कोलमडणं म्हणतात, बुरशीचं काम. पडलेलं वाचत नाही, बाकीची वाचवायची. पाणी कमी कर, वारा खेळू दे आणि सकाळचं कोवळं ऊन लागू दे. पेरतानाच कोकोपीटमध्ये चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) मिसळलास तर बरंच टळतं. थंडीत पानांवर भुरी येते, पीठ भुरभुरल्यासारखी. ज्या रोपाला सारखी येते त्याच्यामागे औषधं घेऊन धावू नकोस, जाऊ दे त्याला. ह्या बाबतीत मी कठोर आहे. बीपासून गुलाब करायचा तो तुझ्या बाल्कनीत, तुझ्या हवेत तग धरणारा हवा.

चार-पाच खरी पानं आली की चार इंची कुंडीत हलव, निम्मी चांगली माती, बाकी कोकोपीट आणि थोडं गांडूळखत. कप उलटा करून मातीचा गोळा तसाच सरकव, मुळं मोकळी करत बसू नकोस. आणि मग, उगवल्यापासून सहा-आठ आठवड्यांत, रोप अजून तुझ्या बोटाएवढंच असताना, शेंड्याला जवसाच्या दाण्याएवढी कळी दिसेल. गुलाब वर्षातून एकदाच फुलणाऱ्या जातीचा असता तर दोन-तीन वर्षं थांबावं लागलं असतं. बटणगुलाब बारमाही, त्यामुळे त्याच्या लेकीही लवकर फुलतात. शहाणे लोक सांगतील, पहिली कळी खुड, रोपाला ताकद येऊ दे. शास्त्र म्हणून बरोबर आहे. मी खुडत नाही. इतके महिने थांबून ती खुडायची म्हणजे कमाल झाली.

पहिलं फूल बहुधा रुपयाच्या नाण्याएवढं असतं. पाच पाकळ्या, कधी सात-आठ. माझ्या एका रोपाला, आई गडद गुलाबी असताना, पांढरं आलं होतं, आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाशी पिवळ्या रंगाचा पुसट डाग, हळदीचं बोट लागल्यासारखा. दुपारपर्यंत तो डाग उडून गेला. मी सकाळी साडेसात ते नऊ त्या कुंडीपुढे स्टुलावर बसून होते आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. पहिल्या फुलावरून निकाल मात्र देऊ नकोस. तेच रोप दुसऱ्या-तिसऱ्या बहराला पाकळ्या वाढवतं, रंग पक्का करतं. आकार आणि भरगच्चपणा नंतर सुधारतो. रोगटपणा सहसा सुधारत नाही.

सगळे मोठे गुलाब एकेकाळी असेच कुणाच्या तरी कुंडीतलं एकुलतं रोप होते. फ्रान्समधल्या फ्रान्सिस मेयाँच्या 1935 च्या संकरातून निघालेलं एक रोप वहीत नुसतं ‘3-35-40’ होतं. 1939 मध्ये, युद्ध अंगावर येत असताना, त्याचे डोळे देशाबाहेर रवाना झाले, आणि 29 एप्रिल 1945 ला अमेरिकेत त्याचं ‘पीस’ असं बारसं झालं. आपल्याकडे डॉ. बी. पी. पाल यांचं काम गव्हाचं, तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या जाती काढण्याचं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ते पहिले महासंचालक. पण जीव जडलेला गुलाबांवर. ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘डॉ. होमी भाभा’ हे गुलाब त्यांचे. कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन यांनी तर सनदी नोकरी लवकर सोडली आणि आपल्या उष्ण हवेला मानवणारे गुलाब करायला घेतले. त्यासाठी भारतातले रानगुलाब संकरात वापरले, त्यातला रोझा क्लायनोफायला तर पाणथळ जागेतही वाढणारा. बहुतेक प्रसिद्ध गुलाब थंड देशांत निवडले गेलेत, म्हणून आपल्या मे महिन्यात ते मान टाकतात, हे त्यांनी ओळखलं होतं.

तुझ्याही रोपांची खरी परीक्षा मे महिन्यातच. पूर्वेची बाल्कनी म्हणजे दुपारची सावली आयती मिळते, ती मोठी सोय. छोट्या कुंड्या एका मोठ्या परातीत वाळू घालून एकत्र ठेव, म्हणजे पटकन वाळत नाहीत. उन्हाळ्यात पानांच्या पाठी लाल कोळी येतो, त्याला नुसता पाण्याचा जोरकस फवारा पुरतो. पावसाळ्यात काळे ठिपके येतील, ती पानं काढून कचऱ्यात टाक, कुंडीत पडू देऊ नकोस. पुढच्या गणपतीला जे उभं असेल ते तुझं.

आणखी एक. ह्या फळातल्या बिया बहुधा झाडाने स्वतःच्याच परागावर धरलेल्या असणार, कारण बाल्कनीत दुसरा गुलाब नाही. अशा बियांची रोपं थोडी अशक्त निघतात. हे समजायला पहिलं वर्ष जाऊ दे, पण दिवाळीनंतर दुसऱ्या रंगाचा एक बटणगुलाब आणून ठेव. सकाळी लवकर अर्धवट उमललेल्या कळीच्या पाकळ्या काढायच्या, नखं कापायच्या छोट्या कात्रीने पिवळे परागकोश कापून टाकायचे, दुसऱ्या दिवशी मधल्या कुक्षी (स्त्रीकेसरांची टोकं) चिकट झाल्या की दुसऱ्या गुलाबाचे परागकण बोटाने लावायचे. देठाला दोरा बांधून दोन्ही नावं आणि तारीख. दोन-तीन आठवड्यांत फुलाखालचा, देठाच्या टोकाचा भाग फुगायला लागला तर धरलं, पिवळा पडून गळला तर पुन्हा. सविस्तर नंतर कधी. आधी एक कोंब तर बघू दे तुला.

फेब्रुवारीत कळव काय झालं ते. आठही बिया गेल्या तरी कळव.

— काकू

ता. क. त्या राजगिऱ्याला तुरा धरायच्या आत तो उपटून टाक. त्याच्या बियांना ना फ्रिज लागतो ना तुळशीचं लग्न. एकदा सांडल्या की दह्याच्या प्रत्येक कपात आधी त्याच उगवतील, आणि तू पुन्हा महिनाभर त्यांनाच पाणी घालत बसशील.